पटाईत घडतो कसा?

एखाद्या कामात मुरलेल्या माणसास मराठीत 'पटाईत' म्हणतात. कोणी बोलण्यात पटाईत असतो, कोणी हिशेबात, तर कोणी थापा मारण्यात. हा शब्द मुळात शस्त्राशी निगडित आहे. पट्टा नावाचे शस्त्र चालविण्यात जो निष्णात, तो पटाईत. तलवारबाजीने आपल्या भाषेत अशी बरीच शब्दसंपत्ती मागे ठेवली आहे. 'तोंडाचा पट्टा सुरू होणे', 'दोन हात करणे', 'हूल देणे' ही त्यातलीच. 'पवित्रा' या शब्दावर तर आम्हा वृत्तपत्रवाल्यांचे पोटच चालते. दररोज कोणी ना कोणी आक्रमक पवित्रा घेतल्याशिवाय पहिले पान भरत नाही. मात्र पवित्रा म्हणजे वार करण्यापूर्वी व केल्यानंतर पावले नेमकी कोठे असावीत याचे शास्त्र होय, आणि ते पायात भिनण्यास काही वर्षे लागतात, याची जाणीव असणारे वाचक थोडे असतील.

बारामती-इंदापूर परिसरात 'पट्टा' म्हटले की प्रथम उसाचा पट्टा आठवतो, किंवा लागवडीची जोडओळ पट्टा पद्धत. नगरपरिषदेच्या हद्दीत आलेल्या जळोचीसारख्या गावांतही आता नव्या वसाहती उभ्या राहिल्या आहेत. त्यांत राहणारी मुले तलवार पाहतात ती बहुधा चित्रपटात, नाहीतर शिवजयंतीच्या मिरवणुकीत. याच तालुक्यांच्या मातीत, इंदापूरच्या लढाईत, शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे धारातीर्थी पडले. फेब्रुवारी २०२४ मध्ये शिवजयंतीच्या निमित्ताने राज्य शासनाने दांडपट्ट्यास महाराष्ट्राचे राज्यशस्त्र म्हणून घोषित केले, तेव्हा या शस्त्राविषयी सर्वत्र कुतूहल निर्माण झाले. मानाचे स्थान मिळाले हे उत्तमच. परंतु ज्याला हे शस्त्र खरोखर शिकायचे आहे त्याने काय शिकायचे, कोणत्या क्रमाने शिकायचे, आणि ते शिकले की नाही हे कोणी ठरवायचे, या प्रश्नांची उत्तरे त्या घोषणेत नव्हती. घोषणेतून ती मिळण्यासारखीही नाहीत.

शस्त्राची घडण, शरीराची घडण

पट्ट्याचे पाते सरळ, लांब व दुधारी असते. साधारण साडेतीन ते चार फुटांचे. मूठ झाकणारा व कोपरापाशी पोहोचणारा धातूचा खोबळा हे त्याचे वैशिष्ट्य. या खोबळ्याच्या आत आडवी दांडी असते, ती मुठीत धरायची. मागच्या बाजूस पट्टी असते, तिच्यात हात अडकवायचा. म्हणजे पट्टा हा हातात 'धरलेला' नसून हातावर 'चढवलेला' असतो. पाते हे कोपरापासून पुढच्या हाताची लांबी वाढविल्यासारखे होते.

या एका गोष्टीतून पुढचे सारे शिक्षण ठरते. मनगट खोबळ्यात बंदिस्त झाल्यामुळे मनगटाची फिरत बाद होते. वार कोपर, खांदा आणि कंबर यांतूनच काढावा लागतो. पाते लांब व लवचिक असल्याने एकदा गती मिळाली की ते मध्येच थांबविणे अवघड. थांबवायचे नसेल तर ते फिरते ठेवावे लागते, आणि फिरते ठेवायचे तर सबंध शरीराने त्याच्याबरोबर फिरावे लागते. म्हणून पट्टा खेळणारा गिरक्या घेतो. प्रेक्षकास त्या नाचासारख्या वाटतात. प्रत्यक्षात ती गतीची काटकसर असते. एक वार संपतो तेथून दुसरा सुरू होतो आणि चारही बाजूंनी चाल करून येणाऱ्यांना अंतर राखावे लागते. १३ जुलै १६६० रोजी घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे लढले ते दोन्ही हातांत पट्टे घेऊन, असे चित्र मराठी मनात कायमचे कोरले गेले आहे. अरुंद वाटेवर अनेकांना रोखून धरणे हे काम या शस्त्राच्या स्वभावाशी जुळणारे आहे, एवढे शस्त्राच्या घडणीवरूनही म्हणता येते. बखरींतील वर्णनानुसार १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी महाराजांवर धावून आलेला सय्यद बंडाही पट्टाच चालवीत होता. जिवा महालाने त्याला आवरले. 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ही म्हण तेव्हापासूनची.

तलवारीचे गणित थोडे निराळे. आपल्याकडील तलवारीच्या मुठीच्या टोकाला एक चकती असते. मनगट जास्त वळवू गेल्यास ती मनगटाला टोचते. हा कारागिराचा दोष नव्हे. खांद्यातून ओढून कापणारा वार करावा, मनगटाने टोचत बसू नये, असे ती चकतीच हाताला शिकवते.

आधी पाय, मग काठी

दांडपट्टा, तलवार, विटा, भाला, फरीगदगा, जंबिया, काठी अशा शस्त्रांच्या खेळांना एकत्रितपणे मर्दानी खेळ म्हणतात. त्यांचे आजचे माहेरघर म्हणजे कोल्हापूर. तेथील पेठांच्या तालमी आणि आखाडे यांतून ही विद्या टिकून राहिली. राजर्षी शाहू महाराजांच्या (१८७४ ते १९२२) काळात कुस्तीला जो राजाश्रय लाभला, खासबाग मैदान उभे राहिले, त्या वातावरणाचा लाभ या खेळांनाही झाला. दसऱ्याच्या व शिवजयंतीच्या सोहळ्यांत, तसेच रायगडावरील शिवराज्याभिषेक दिनी हलगी, घुमके आणि कैताळाच्या ठेक्यावर ही प्रात्यक्षिके होतात. विद्यार्थ्यांत आता मुलींची संख्याही नजरेत भरण्याइतकी आहे.

प्रात्यक्षिक पाहून उत्साहाने आखाड्यात दाखल होणाऱ्या तरुणाचा पहिला अपेक्षाभंग ठरलेला असतो. त्याला पट्टा मिळत नाही. तलवारही मिळत नाही. सुरुवातीस मिळतात ते पवित्रे आणि काठी. पुढचा पाय, मागचा पाय, शरीराचा भार कोणत्या पायावर, वळताना टाच फिरते की चवडा, हे दिवसेंदिवस घोटावे लागते. काठी एका हाताने, दोन हातांनी, डोक्याभोवती, कमरेभोवती फिरवताना खांदे मोकळे होतात. शहरी नोकरदाराच्या बाबतीत ही पायरी लांबते. संगणकापुढे बसून आखडलेला खांदा काठीला सहजासहजी वाट देत नाही.

पुढची पायरी फरीगदग्याची. फरी म्हणजे चामड्याने मढवलेली लहान ढाल आणि गदगा म्हणजे मूठ लावून चामड्याने मढवलेली छडी. ढाल-तलवारीचा हा निर्धोक अवतार होय. यात समोर प्रतिस्पर्धी असतो, म्हणूनच सबंध शिक्षणात याचे मोल मोठे आहे. हवेत कितीही सुंदर वार करणारा माणूस समोरून छडी आली की डोळे मिटतो. डोळे उघडे ठेवून, ढाल पुढे न्यावी की पाऊल मागे घ्यावे याचा निर्णय निमिषात घेण्याची सवय येथे लागते. अंतराचा अंदाज दुसऱ्या कोणत्याही प्रकारे येत नाही.

त्यानंतर ढाल-तलवार, आणि सर्वांत शेवटी पट्टा. पट्ट्याच्या वारांच्या ठरीव मालिकेला 'हात' म्हणतात. हात उजवीकडून करायचे, मग डावीकडून. उभे, आडवे, तिरपे. पुढे सरकत, मागे हटत, बसून, गिरकी घेऊन. एका हातात पट्टा व दुसऱ्यात ढाल, किंवा दोन्ही हातांत पट्टे, हा त्यापुढचा विस्तार. लोकांना सर्वांत भावतो तो लिंबाचा प्रयोग. माणसाच्या तळहातावर ठेवलेले लिंबू पट्ट्याने कापायचे आणि कातडीला ओरखडाही उमटू द्यायचा नाही. प्रेक्षक टाळी देतात ती कापण्याला. खरी परीक्षा असते ती थांबण्याची. वर सांगितल्याप्रमाणे पट्टा थांबविणे हेच या शस्त्रातील सर्वांत कठीण काम आहे. (नवशिक्यांनी आणि मोबाइलवर चित्रफिती पाहून स्फुरण चढलेल्यांनी हा प्रयोग घरी करू नये, हे येथे स्पष्ट लिहिलेले बरे.)

तमाचा, बाहेरा आणि पाण्यावरचा चतुर

जुन्या आखाड्यांतील वारांची नावे ऐकण्यासारखी आहेत. शीर, तमाचा, बाहेरा, कमर. शीर म्हणजे डोक्यावरचा वार, कमर म्हणजे कमरेवरचा. तमाचा हा थप्पड बसते त्या बाजूने गालाकडे येणारा आणि बाहेरा त्याच्या उलट बाजूचा. ही नावे मराठीपेक्षा हिंदुस्थानी वळणाची आहेत. 'वस्ताद' हा शब्द तर सरळ उस्तादावरून आला. दख्खनच्या फौजांत मराठे, पठाण, हबशी, राजपूत शेजारी शेजारी लढले, कधी एका बाजूने, कधी समोरासमोर. शस्त्रविद्येला जातीधर्माच्या भिंती फारशा अडवू शकल्या नाहीत, याची साक्ष ही शब्दावलीच देते.

ही सारी नावे समोरच्या माणसाच्या शरीरावरून पडली आहेत, हेही ध्यानात घेण्याजोगे. वार कोठे बसणार ते नावातच आहे. याच्या तुलनेत चिनी खड्गविद्येकडे पाहिले की मौज वाटते. चीनमध्ये तलवारीचे दोन मुख्य प्रकार. 'दाओ' म्हणजे एकधारी, वाकडी तलवार आणि 'ज्यान' म्हणजे सरळ, दुधारी, हलके खड्ग. दाओ शंभर दिवसांत येते, भाला हजार दिवसांत, ज्यानला मात्र दहा हजार दिवस लागतात, अशा आशयाची म्हण तेथील आखाड्यांत रूढ आहे. ज्यानच्या मालिकेतील हालचालींना 'चतुर पाण्याला स्पर्श करतो', 'गवत सारून साप शोधणे', 'गांधीलमाशी बिळात शिरते' अशी नावे आहेत. ती वाराचे लक्ष्य सांगत नाहीत, हालचालीची चाल सांगतात. चतुर पाण्याला टेकतो तसे खड्गाचे टोक वरून हलकेच टेकवायचे, हे एका नावात शिष्याच्या ध्यानात राहते. टोचणे, तोडणे, खालून वर चिरणे, वळवून अडविणे यांसाठी स्वतंत्र पारिभाषिक शब्द आहेत, पण पाठांतरासाठी चित्रेच उपयोगी पडतात.

पट्टा आणि ज्यान ही दोन्ही सरळ व दुधारी पाती. तरी शरीराकडून ती अगदी विरुद्ध गोष्टी मागतात. पट्ट्यात मनगट बंद, तर ज्यानमध्ये सारा जीव मनगटात. मूठ सैल, बोटे जागी, टोक लहान लहान वर्तुळे काढणारे. रिकाम्या हाताची तर्जनी व मधले बोट ताठ जुळवून बाकीची बोटे मिटलेली असतात. ही 'खड्गबोटे' तोल सांभाळतात आणि शस्त्र नसलेल्या हाताला आळशी होऊ देत नाहीत. नवशिक्याचा हा हात नेहमी लोंबकळतो. तो जागेवर आला की बाकीचे शरीरही जागेवर आले, असे शिक्षक समजतात.

हरवलेली विद्या शेजाऱ्याकडून

'मालिका' किंवा 'हात' यांना इतके महत्त्व का, याचे उत्तर चीनच्याच इतिहासात सापडते. मिंग राजवटीच्या अखेरच्या काळात, १६२१ मध्ये, माओ युआनयी याने 'वूपेइ झी' हा युद्धशास्त्राचा २४० प्रकरणांचा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. त्यात ज्यानची २४ स्थिती-वारांची एक पद्धत सचित्र दिली आहे. तिचे नाव चिनी नसून 'कोरियाची पद्धत' असे आहे. चीनमधील प्राचीन खड्गपद्धत लुप्त झाली होती आणि ती कोरियातून मिळाली, असे ग्रंथकाराने नोंदविले. ज्या देशात हे शस्त्र दोन हजार वर्षे नांदले, त्या देशाला ते चालविण्याची रीत शेजाऱ्याकडून उतरवून घ्यावी लागली. पुढे कोरियाच्या राजदरबाराने १७९० मध्ये आपला शस्त्रविद्येचा ग्रंथ तयार केला, तेव्हा याच चिनी ग्रंथाचा आधार घेतला.

शस्त्र संग्रहालयात टिकते. 'हात' मात्र माणसाच्या अंगातच राहतात आणि त्या माणसाबरोबर जातात.

पुणे, बडोदे, अमरावती

महाराष्ट्रात ही वेळ १८१८ नंतर आली. पेशवाई बुडाली, फौजा मोडल्या, आणि पट्टा हे पोटाचे साधन राहिले नाही. पुढे १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय हत्यार बाळगण्यावर बंधने आली. या मधल्या काळात ज्यांनी विद्या जिवंत ठेवली त्यांत लहुजी वस्ताद साळवे (१७९४ ते १८८१) यांचे नाव अग्रभागी आहे. पुण्यात गंज पेठेत त्यांचा तालीमखाना होता. तेथे कुस्ती, पट्टा, तलवार यांचे धडे मिळत. महात्मा जोतीराव फुले त्यांच्याकडे दांडपट्टा शिकले. वासुदेव बळवंत फडके हेही त्यांचेच शिष्य. ज्या समाजाला पाठशाळेचे दार बंद होते, त्याच समाजातील एका वस्तादापुढे पुण्यातील सर्व थरांतील तरुण शिष्य म्हणून उभे राहत, ही एकोणिसाव्या शतकातील असाधारण गोष्ट होय. लहुजींचे चरित्र सांगताना क्रांतिकारकांचे गुरू म्हणून गौरव होतो, तो योग्यच. पण त्यांनी पट्ट्याचे कोणते हात, कोणत्या क्रमाने शिकविले याचा तपशील त्यात येत नाही. जुन्या बहुतेक वस्तादांच्या बाबतीत हीच स्थिती आहे.

लेखी नोंदीचे मोठे काम झाले ते महाराष्ट्राबाहेर, गायकवाडांच्या बडोद्यात. जुम्मादादांच्या आखाड्याची परंपरा राजरत्न माणिकराव (१८७८ ते १९५४) यांनी पुढे चालविली. शेकडो मुलांनी एकाच वेळी, एकाच आज्ञेवर करावयाच्या संघव्यायामाला त्यांनी देशी आज्ञाशब्द दिले. त्याच शहरात दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी 'व्यायाम ज्ञानकोश' संपादित केला. १९३६ ते १९४९ या काळात त्याचे १० खंड मराठीत प्रसिद्ध झाले. लाठी, फरीगदगा, बोथाटी, जंबिया, मल्लखांब, कुस्ती अशा विषयांना त्यात सचित्र स्थान मिळाले. तेरा वर्षे एका मराठी माणसाने व्यायामावर दहा खंड काढावेत, हे आज अनुदानाच्या फायली हलविणाऱ्यांना खरेही वाटणार नाही. मराठी वाचकांना या ग्रंथाचा जवळजवळ विसर पडला आहे.

इकडे अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये स्थापन केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डीसह देशी व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके सादर केली. त्याच उन्हाळ्यात, त्याच शहरात चीनचे वुशू पथकही आले होते. १९२८ मध्ये नानकिंग येथे स्थापन झालेल्या मध्यवर्ती राष्ट्रीय युद्धकला संस्थेशी संबंधित खेळाडू त्यात होते, काही तरुणीही होत्या. पारतंत्र्यातला एक देश आणि यादवी व परचक्राने पोखरलेला दुसरा, दोघेही युरोपला आपापल्या देहविद्या दाखवीत होते. तेथपर्यंत दोघांची वाट बरीचशी समांतर होती. नंतर ती फुटली.

बत्तीस हालचाली

१९४९ नंतर चीनच्या सरकारने युद्धकलांचा ताबा क्रीडाखात्याकडे दिला. १९५६ मध्ये ताइची या प्रकाराची २४ हालचालींची सुटसुटीत मालिका तयार झाली. १९५७ मध्ये ली त्यानजी यांच्या पुढाकाराने ताइची खड्गाची ३२ हालचालींची मालिका आली. जुन्या यांग घराण्याच्या लांबलचक, पुनरावृत्ती असलेल्या मालिकेतून वेचून आठ-आठ हालचालींचे चार भाग केले. काही मिनिटांत संपणारी ही मालिका आज चीनमधील उद्यानांत निवृत्त मंडळी सकाळी करताना दिसतात आणि ती जगभरच्या वर्गांतही शिकविली जाते. प्रत्येक हालचालीचे चित्र, पावलांची जागा व नाव छापील उपलब्ध आहे. कोणत्याही देशातील दोन अनोळखी माणसे शेजारी उभी राहून ती एकत्र करू शकतात. पुढे स्पर्धांसाठी निराळ्या मालिका आल्या. १९९० च्या बीजिंग आशियाई क्रीडा स्पर्धेत वुशूला स्थान मिळाले, आणि डाकारच्या २०२६ च्या युवा ऑलिम्पिकसाठीही त्याची निवड झाली. २०२० मध्ये ताइचीला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले.

याची किंमतही चीनने मोजली आहे. स्पर्धेतील ज्यान आता इतके पातळ असते की झटका दिला की ते पत्र्यासारखे खडखडते. गुण मिळतात ते उडी, तोल आणि देखणेपणाला. समोर माणूस उभा करून खड्गाला खड्ग लावण्याचा सराव बहुतेक वर्गांतून नाहीसा झाला. एखादी हालचाल नेमकी कोणत्या वाराला उत्तर म्हणून जन्मली, हे ती करणाऱ्यालाच ठाऊक नसते. जुन्या घराण्यांचे शिक्षक यावर नाराजी दर्शवितात, ती अनाठायी म्हणता येणार नाही.

आपल्याकडे हा वाद संगीतात होऊन गेला आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६० ते १९३६) यांनी घराण्यांच्या बंदिशी स्वरलिपीत उतरवून क्रमिक पुस्तके काढली, तेव्हा कागदावर गाणे उतरते काय, असा आक्षेप अनेकांनी घेतला. गाणे उतरले नाही हे खरेच. बंदिशी मात्र वाचल्या, आणि आज तीच पुस्तके उघडून घराणेदार गायकही शब्द ताडून पाहतात. मल्लखांबाने हीच वाट धरली. नियम, गुणदान, वयोगट ठरले. फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईत शिवाजी पार्कवर त्याची पहिली जागतिक स्पर्धा भरली, आणि जून २०२२ मध्ये पंचकुला येथे झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत पंजाबचा गतका, मणिपूरचा थांग-ता, केरळचे कळरीपयट्टू यांच्या पंगतीला मल्लखांब बसला. मर्दानी खेळ त्या पंगतीत नव्हते.

कारण उघड आहे. पट्ट्याचे हात आखाड्यागणिक निराळे आहेत, त्यांची नावे निराळी आहेत, आणि सर्वांना मान्य असा क्रम नाही. हे वैविध्य हीच श्रीमंती आहे असे मानणारा एक पक्ष आहे. प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते ही श्रीमंती तेवढ्यापुरतीच, जेवढी ती कोठे तरी नोंदलेली आहे. सर्वांवर एकच मालिका लादण्याची गरज नाही, घाई तर मुळीच नाही. परंतु प्रत्येक आखाड्याने आपले हात आपल्या नावांनिशी, पावलांच्या आकृतीसह, आणि मुख्य म्हणजे हा हात कोणत्या वाराला उत्तर आहे या टीपेसह नोंदवून ठेवणे आजच्या चित्रीकरणाच्या सोयीत अवघड नाही. नुसते चित्रीकरण पुरणार नाही. चित्रफितीत गिरकी दिसते, ती का घेतली ते दिसत नाही. राज्यशस्त्राच्या नावाने काही निधी खर्च व्हायचा असेल, तर आणखी एका कमानीऐवजी तो या कामी लागावा.

एक धोका मात्र आताच दिसतो आहे. मिरवणुकांची मागणी वाढल्याने आखाडे प्रात्यक्षिकाकडे झुकत आहेत. हलगीचा ठेका वाढला की हात जलद होतात, गिरक्या वाढतात, आणि फरीगदग्याची जोडीची कसरत मागे पडते, कारण ती दुरून पाहणाऱ्याला नीरस वाटते. चीनमध्ये सरकारी धोरणाने जे झाले, ते आपल्याकडे ध्वनिवर्धकामुळे होईल.

शिकू इच्छिणाऱ्यांसाठी

वर्ग निवडताना तेथे जोडीचा सराव होतो का, हे प्रथम पाहावे. पहिल्या महिन्यातच हातात पट्टा देणाऱ्या वर्गापासून दूर राहावे. लहान मुलांसाठी काठी आणि फरीगदगा पुरेसा आहे. पट्टा वाढीचे वय सरल्यावर, खांदा आणि कंबर पक्की झाल्यावर घेतलेला बरा. सरावासाठी बोथट पाते वापरावे. खोबळा आपल्या हाताच्या मापाचा आहे ना, याची खात्री करून घ्यावी. सैल खोबळ्यात मनगट दुखावते आणि घट्ट खोबळ्यात कोपर. सरावाची जागा उघडी, सपाट, आणि पात्याच्या दुपटीहून अधिक अंतरावर कोणी उभे राहणार नाही अशी हवी. घराच्या गच्चीवर ती सहसा मिळत नाही.

कायद्याचीही माहिती असावी. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची तलवार, खंजीर, भाला आदी धारदार शस्त्रे येतात आणि केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या क्षेत्रांत ती बाळगण्यास परवाना लागतो. सार्वजनिक ठिकाणी शस्त्रे नेण्यास महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ३७ व्या कलमाखाली वेळोवेळी मनाई आदेश निघतात. सण-उत्सवांच्या दिवसांत, म्हणजे प्रात्यक्षिकांची मागणी नेमकी असते तेव्हाच, हे आदेश बहुधा लागू असतात. त्यामुळे प्रात्यक्षिकापूर्वी स्थानिक पोलीस ठाण्यात लेखी कळवून परवानगी घ्यावी आणि शस्त्रांची ने-आण आखाड्याच्या जबाबदार व्यक्तीच्या ताब्यात, गुंडाळून करावी. सराव संपल्यावर पाते पुसून तेलाचा हात फिरविणे हा शिक्षणाचाच भाग समजला जातो आणि ते काम सर्वांत नव्या विद्यार्थ्याकडे येते.